पिकलेलं पाणी

एका प्रथिनाला त्याच्या घरातून बाहेर काढू नये म्हणून मी दोन वर्षं भांडले. माणसांसाठी भांडायचं काम संध्याकाळी सहानंतर असायचं. प्रथिनासाठी सकाळी दहा ते सहा.

अंधेरीतल्या एका संस्थेत मी संशोधक विद्यार्थिनी होते. जिवाणूची पेशी म्हणजे एक पिशवी, पिशवीचं कातडं म्हणजे पटल, आणि त्या कातड्यात रुतून बसलेली प्रथिनं म्हणजे पिशवीची दारं-खिडक्या. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं हे तीच ठरवतात. माझ्या वाट्याला आलेला जिवाणू विक्षिप्त होता. तो फक्त घट्ट खाऱ्या पाण्यात जगतो, नळाच्या पाण्यात टाकला की फुटून मरतो. त्याच्या पटलात एक जांभळं प्रथिन असतं, ते उन्हावर चालतं. परदेशातून बोटभर काचेच्या नळीत तो आमच्याकडे आला होता. आम्ही फ्लास्कमध्ये मीठ घालून, दिवा लावून, दिवसरात्र हलवत त्याला वाढवायचो. चार दिवसांनी फ्लास्कमधलं पाणी लालसर व्हायचं, आणि मग माझा दिवस चांगला जायचा.

अशा प्रथिनाचा अभ्यास करायची रूढ पद्धत अशी: साबणाच्या जातीच्या रसायनाने पटल विरघळवायचं, प्रथिन सुटं करायचं, धुऊनपुसून स्वच्छ करायचं आणि मग यंत्रात घालायचं. माझं म्हणणं होतं की हे म्हणजे माणसाला चौकीत आणायचं, अंगावरचे कपडे उतरवायचे आणि मग विचारायचं, तू घरी कसा वागतोस? मी ते प्रथिन त्याच्याच पटलात, त्याच्याच खारटपणात बघणार होते. त्यासाठी चुंबकीय अनुस्पंदनाचं यंत्र होतं. प्रथिनाला एक चिमुकला रेणू चिकटवायचा, त्या रेणूत एक सुटा इलेक्ट्रॉन असतो. नमुना केसाएवढ्या नळीत भरून मोठ्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवायचा. इलेक्ट्रॉन चुंबकाला प्रतिसाद देतो आणि यंत्राचं पेन कागदावर तीन शिखरं काढतं. प्रथिन मोकळं हलत असेल तर शिखरं टोकदार. शेजारपाजाराने त्याला गच्च धरलं असेल तर शिखरं बसकी, पसरट. एवढ्या तीन टेकड्यांवरून ते घरी कसं बसलंय हे ओळखायचं.

आमचे सर साबणवाले. ते माझ्या या वादाला 'मोर्चा' म्हणायचे.

"आला का मोर्चा?" मी केबिनमध्ये शिरले की ते म्हणायचे. "काय मागणी आहे आज?"

"सर, साबणात काढलेलं प्रथिन म्हणजे प्रथिन नव्हे. तो पुरावा होत नाही."

"तुला त्याच्या घराची एवढी काळजी आहे, तर एकदा जाऊन ये ना त्याच्याकडे. पत्ता आहे का?"

पत्ता माझ्याकडे होता. पुस्तकात दिला होता: मृत समुद्र, आणि परदेशातली दोन-तीन खारी सरोवरं. मी मुलुंडला राहायचे.

*

सहानंतरचं काम मुलुंड पूर्वेच्या एका खोलीत चालायचं. आमचा गट दहा-बारा जणांचा, नाव मोठं, सायक्लोस्टाइलचं यंत्र जुनं. लोकांपर्यंत विज्ञान न्यायचं हे आमचं ब्रीद. नेत होतो ती पत्रकं. गटाचा संपादक माझ्याच वयाचा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते आणि संपानंतर घरी बसले होते. त्याने मला पत्रक लिहायला शिकवलं. त्याचे नियम पक्के होते. मथळ्यात उद्गारचिन्ह हवं. तिसऱ्या ओळीपर्यंत शत्रू समोर यायला हवा. 'कदाचित', 'बहुधा', 'तपासून पाहावे लागेल' हे शब्द स्टेन्सिलवर चढवायचे नाहीत.

"संशय तुझ्या लॅबमध्ये ठेव गं," तो म्हणायचा. "लोकांना बसस्टॉपवर वाचायचं असतं. बस आली की गेलं."

मी हे मनापासून शिकले. दिवसभर मी एका शिखराच्या रुंदीबद्दल 'असे सुचवते' असं भीतभीत लिहायचे आणि संध्याकाळी त्याच हाताने कुणालाही फाशी द्यायचे. ही सवय अशी लागली होती की मधली पायरी मला आठवतच नसे.

भोपाळ होऊन वर्षही झालं नव्हतं. कारखान्याच्या भिंतीजवळून जाताना लोक नाकाला रुमाल लावायचे. अशा एप्रिलमध्ये एका सकाळी हायवेवरून बसने जाताना मला मिठागर दिसलं. ते रोजच दिसायचं, पण त्या दिवशी मी खिडकीशी होते. खाडीच्या बाजूला मिठाचे चौकोनी वाफे, आणि त्यातले पाच-सहा वाफे लाल. गुलाबी नव्हे, लाल. वीट कुटून पाण्यात कालवावी तसे. हायवेच्या या बाजूला कापडाचे रंग बनवणारा कारखाना होता. त्या बाजूला लाल पाणी. मी अंधेरीला उतरेपर्यंत मथळा तयार होता.

'मुलुंडकरांनो, तुमच्या ताटातलं मीठ कुठून येतं?' हा पहिला. संपादकाने तो खोडला आणि लिहिलं, 'मुलुंडकरांनो, तुमच्या ताटात विष!' तिसऱ्या ओळीत कारखाना आला. पाचव्या ओळीत मी मिठागर कामगारांच्या बाजूने उभी राहिले, त्यांना न विचारता. एका परिच्छेदात विज्ञानही होतं. रंगातले रेणू पटलातून पेशीत कसे शिरतात, हे मी अधिकाराने लिहिलं होतं. पटल हा माझा विषय होता ना.

कारखान्याचं सांडपाणी खरंच घाण होतं, हे मला नंतर कळलं. पण ते रंगाने पाण्यासारखं होतं आणि भलत्याच नाल्यातून जायचं. ज्याला रंग नाही त्यावर पत्रक निघत नाही.

आम्ही मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बाजारात पत्रकं वाटली. आमची पत्रकं एरवी लोक घडी करून त्यात चणे खायचे. हे पत्रक त्यांनी वाचलं. एकाने दुकानदाराला मीठ परत केलं. कुणीतरी ते सरकारी आरोग्य खात्याच्या साहेबापर्यंत पोचवलं, आणि त्या साहेबाने, ज्याला आम्ही दोन वर्षं निवेदनं देऊन थकलो होतो, आठ दिवसांत नोटीस काढली. मिठागरावर काम बंद.

"झकास!" संपादक टेबलावर थाप मारून म्हणाला. "बघितलंस? एका पत्रकात वाट लावली त्यांची!"

कुणाची, हे त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

*

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मिठागरावर गेले. कामगारांना भेटून त्यांच्या भावना पुढच्या पत्रकात घ्यायच्या होत्या. हायवे ओलांडून, खाडीकाठच्या खाजणातल्या बांधावरून चालत अर्धा तास. वाफ्यांच्या कडेने मिठाचे ढीग पडले होते आणि तिथे फक्त एक बाई होती. पन्नाशीची, कासोटा घातलेली, आगरी. बांधावर बसून ती पेंढ्याच्या जुड्या बांधत होती.

मी सांगितलं, आम्ही तुमच्यासाठी लढतो आहोत.

"कोनाबरोबर?" तिने विचारलं.

मी विषारी पाण्याचं सांगितलं. कारखान्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजे तो कागद तूच लिवलास?"

"आमच्या गटाने." अशा वेळी गट आठवतो.

"आगो पोरी, पानी पिकलंय ते." ती उठून लाल वाफ्याशी गेली आणि तळवा बुडवून माझ्यापुढे धरला. "खाडीचं पानी घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं, उन्हात तापवायचं. घट्ट झालं का लाल होतं. लाल झालं का मीठ धरतं. माझा बाप पन लालीच बघायचा. ज्या वर्साला लाली नाय, त्या वर्साला मीठ बारीक, कडू. आनि तू लिवलंस इख?"

तिच्या तळव्यात घोटभर पाणी होतं. लालसर, किंचित जांभळट कड असलेलं. मी तो रंग रोज बघत होते. अंधेरीत, हलणाऱ्या टेबलावर, फ्लास्कवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेला. तिथे त्याला मी संवर्धन म्हणायचे. इथे बसच्या खिडकीतून बघितला आणि प्रदूषण म्हटलं. घट्ट मीठ, कडक ऊन, उथळ पाणी: माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर या तीन गोष्टी याच क्रमाने लिहिलेल्या होत्या.

मी पिशवीतला जेवणाचा डबा रिकामा केला. मग विचारलं, "हे पाणी थोडं नेऊ का?"

"ने की. वाफ्यात आता काय कामाचं हाय? नोटीस लावलीय." तिने कडेचे ढीग दाखवले. "ही रास वर त्या उंचावर न्यायची, वरून पेंढा शाकारायचा. मग पाऊस कितीबी पडो. पन मिठाला हात लावायचा नाय म्हंतात. इथं वाफ्याशी राह्यली तर पावसातल्या पयल्या भरतीत खाडी घेऊन जाईल. माझ्या घरची चार मानसं डिसेंबरपासून इथं पाय भाजतायत."

रास तिच्या छातीइतकी उंच होती, आणि अशा अकरा. पावसाला एक महिना होता. मी बसच्या खिडकीतून जे लिहिलं, त्याचा अर्थ हा होता.

*

सोमवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. बारीक काड्यांसारख्या पेशी. कडेने साध्या पाण्याचा थेंब सोडला आणि त्या एकेक करून फुगल्या, फुटल्या, दिसेनाशा झाल्या. कापडाचा रंग असा मरत नाही. सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"कुठून आणलास?"

"मुलुंड."

"तू कुठे राहतेस?"

"मुलुंड."

सर खुर्चीवर बसले आणि इतके हसले की बाहेरून शिपाई डोकावून गेला. "नैसर्गिक परिसरात अभ्यास!" ते म्हणाले. "दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस! आणि नैसर्गिक परिसर दिसला तेव्हा त्याच्यावर पत्रक काढलंस!"

मला राग आला. तो माझ्यावर यायला हवा होता, पण सवयीने सरांवर आला.

संध्याकाळी संपादकाला सांगितलं. तो ऐकून घेताना स्टेन्सिलवर सुई चालवतच होता.

"मग?"

"मग खुलासा काढायचा. चूक झाली म्हणून."

"वेडी आहेस का? चळवळ खुलासे काढत नसते. पुढच्या वेळी खरं लिहिलंस तरी कोण वाचेल? आणि कारखाना काय साव आहे का?"

"कारखान्याचा प्रश्न नाहीये. त्या बाईची रास बुडेल यार, महिनाभरात."

"हे बघ, एका राशीसाठी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, एवढं त्याचं श्रेय.

राहिला साहेब. त्याच्या कार्यालयात मी तीन चकरा मारल्या तेव्हा भेट झाली. माणूस सभ्य होता. त्याने माझंच पत्रक फाइलीतून काढून मला दाखवलं.

"आम्ही तक्रारीची दखल घेतली आहे, मॅडम. आता तुम्हीच म्हणता तक्रार नाही."

"तक्रार चुकीची होती. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. तो रंग नाही."

"पाहिलंय हे तुम्ही म्हणता. पत्रकातही तुम्हीच म्हणता." हे त्याचं बोलणं बिनतोड होतं. "काहीतरी यंत्रावरचं आणा. आलेख वगैरे. मग बघू."

यंत्र माझ्याकडे नव्हतं. चुंबकीय अनुस्पंदनाचं यंत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या संस्थेत होतं आणि त्यावर बाहेरच्यांना पाळी लावून वेळ मिळायचा. माझी पाळी सात महिन्यांनी आली होती. दोन दिवस, मेच्या मध्यात. त्या दोन दिवसांत साबणातलं प्रथिन आणि पटलातलं प्रथिन शेजारी शेजारी मोजायचं, म्हणजे प्रबंधाचं निम्मं भांडण मिटणार होतं. त्यातला एक दिवस मी मिठागराच्या पाण्याला दिला. मोठेपणा म्हणून नव्हे. अकरा राशी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या आणि दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून.

घट्ट मीठ यंत्राला चालत नाही, ते यंत्राचा सूर बिघडवतं. नमुना जितका बारीक तितकं बरं. मी डब्यातल्या पेशी गोळा केल्या, फोडल्या, जांभळ्या पटलाचे तुकडे फिरवून वेगळे केले, त्यांना तो सुट्या इलेक्ट्रॉनचा रेणू चिकटवला, पुन्हा त्यांच्याच खारटपणात ठेवून केसाएवढ्या नळीत भरले. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "कुठलं सँपल? फॉरेन?" मी म्हटलं, "हायवेच्या पलीकडचं." पेन सरकायला लागलं. तीन टेकड्या. माझ्या फ्लास्कमधल्या पटलाचा आदल्या दिवशीचा कागद शेजारी धरला. त्याच तीन टेकड्या, त्याच जागी. फक्त मुलुंडच्या टेकड्या आणखी बसक्या, आणखी पसरट. म्हणजे मिठागरात ते प्रथिन माझ्या फ्लास्कपेक्षाही गच्च धरलेलं होतं. साबण हे त्याचं घर नव्हे, असं मी दोन वर्षं सांगत होते. फ्लास्कही त्याचं घर नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो कागद हातात घेऊन मी तिथल्या पायरीवर बसले. मला आनंद झाला होता, आणि एवढ्या वेळात राशींची आठवणही आली नव्हती. हेही लिहिलं पाहिजे.

सरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. मग म्हणाले, "एका नमुन्यावर मी सही करणार नाही. आणखी दोन वेगवेगळ्या वाफ्यांतून आण. वेळ मी मिळवून देतो. हे खरं निघालं तर साबण मी सोडला."

*

साहेबाने आलेख आधी आडवा धरला, मग उभा.

"ही तीन म्हणजे तीन नमुने?"

"नाही. एकाच नमुन्याची तीन शिखरं."

"तीन का?"

मी त्या इलेक्ट्रॉनशेजारच्या नायट्रोजनपासून सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला त्याने हात वर केला. "ठीक आहे, ठीक आहे. थोडक्यात, कारखान्याचा रंग नाही."

"नाही." खरं तर हे सूक्ष्मदर्शकाने सांगितलं होतं, आलेखाने नव्हे. आलेख भलतंच, त्याहून सुंदर काहीतरी सांगत होता. पण साहेबाला कागदावरची रेघ हवी होती आणि ती मी आणली होती.

"मग लाल कशाने?"

"जिवाणूंनी."

त्याने पेनाला टोपण लावलं. "जंतू?"

"जिवाणू. निरुपद्रवी असतात. घट्ट मिठातच जगतात, माणसाच्या पोटात जगूच शकत नाहीत."

"म्हणजे मिठात जंतू आहेत, असं तुम्ही लेखी देताय." तो फाइलीत लिहायला लागला. "मॅडम, रंगाचा संशय होता तेव्हा प्रकरण माझ्याकडे होतं. जंतू म्हटल्यावर वर पाठवावं लागेल. नोटीस राहील."

"अहो, पण रास..."

"तुमच्याच सहीचा कागद आहे."

मी पत्रकाने आठ दिवसांत जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं यंत्राने एका सकाळी केलं. आणि या वेळी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

*

बाईला सांगायला गेले तेव्हा मेचा शेवटचा आठवडा होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: चूक माझी होती, दुरुस्त करायला गेले, आणखी बिघडवून आले. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "वाचता येतं ना तुला?"

"येतं."

"मग ती नोटीस वाच. मुकादमाने नुसतं सांगितलं काम बंद. काय लिवलंय ते कोनी वाचलंच नाय."

खांबाला चिकटवलेला कागद उन्हाने पिवळा झाला होता. मी वाचला. लाल पाणी असलेल्या वाफ्यांतील मिठास पुढील तपासणीपर्यंत हात लावू नये.

"परत वाच."

परत वाचलं.

"मिठाला हात नाय लावायचा," ती म्हणाली. "पान्याला?"

"पाण्याचं काही लिहिलेलं नाही."

"आनि तपासनीला येतील ते काय बघतील?"

"लाल पाणी आहे का, ते."

ती हसली. मला चार वर्षं नोटिसा, परिपत्रकं, कायदे वाचायची सवय होती. अन्याय कुठे आहे हे मी पहिल्या वाचनात दाखवून द्यायचे. त्यातून बाहेर कसं पडायचं हे एकदाही शोधलं नव्हतं.

मिठागराला खाडीच्या बाजूने उघाडी असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीला ती उघडली की पाणी आत, ओहोटीला उघडली की पाणी बाहेर. हंगाम सरला की उरलेलं लाल पाणी असंही खाडीत सोडतात. ओहोटी दुपारी होती. बाई, तिचा नवरा आणि दोन सुना वाफ्यांचे बांध फोडायला लागले. त्या वेळी मी जे बोलले ते मला अजून टोचतं.

"मावशी, दोन वाफे ठेवाल? दोनच. चार दिवस."

"कशाला?"

"तपासायला. यंत्रावर. फार महत्त्वाचं निघालंय त्यात काहीतरी."

तिने कुदळ थांबवली नाही. "तुझं तपासून झालं नाय अजून?"

डबा मी आणला नव्हता. कबुली द्यायला निघालेला माणूस डबा घेत नाही. एका वाफ्याशी तिने मला उभं केलं, कुदळ हातात दिली आणि म्हणाली, "हितं फोड." मी फोडलं. पाणी आधी रेंगाळलं, मग वाट सापडल्यासारखं सरळ गेलं. उघाडीतून तासभर लाल पाणी खाडीच्या चिखलावरून वाहत होतं आणि पुढे गढूळ होऊन कुठे गेलं ते दिसेना. सरांचे दोन नमुने त्यात होते. पुढच्या हंगामाचं पाणी मी आणलं, पण तोवर यंत्राची पाळी कुणा दुसऱ्याची होती आणि सरांची बदली झाली होती. माझ्या प्रबंधात मुलुंडचं प्रथिन एका तळटीपेत आहे. तिथे मी 'असे सुचवते' असं लिहिलंय.

दोन दिवसांनी तपासणीचा माणूस आला. त्याने रिकामे, चकचकीत पांढरे वाफे बघितले, बुटाला चिखल लागला म्हणून कुरकुर केली आणि लिहिलं: लाल पाणी आढळून आले नाही. लाल पाणीच नाही म्हटल्यावर नोटीस उठली, साहेबाची सही दुसऱ्याच दिवशी झाली. माझा आलेख वर कुठे गेला होता, तो परत आला नाही आणि कुणी विचारलाही नाही.

रास उचलायला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बाईने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर मिठाची पाटी. "मान हलवू नको. पाय बघून टाक." दहा खेपांत माझ्या तळव्यांना भेगा पडल्या आणि भेगांत मीठ गेलं. मिठागर कामगारांच्या पायांच्या भेगांवर मी कधीकाळी एक पूर्ण पत्रक लिहिलं होतं. त्यात 'वेदना' हा शब्द सहा वेळा होता.

दुपारी बांधावरून संपादक येताना दिसला. हातात कागदांचा गठ्ठा. लांबूनच ओरडला, "बघितलंस? लाल पाणी बंद! नोटीस नोटीस म्हणत होतीस, शेवटी दणका बसलाच ना!" त्याने पत्रक माझ्यापुढे धरलं. 'लाल पाण्यावर जनतेचा विजय!' तिसऱ्या ओळीत कारखाना होता.

बाईने विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. संपादक खूश होऊन ऐकत होता.

"म्हंजे पानी यानं घालवलं?"

"असं लिहिलंय."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरा हाय की धट्टाकट्टा. आरं बाबा, पानी घालवलंस, आता मीठ पन ने. ती पाटी घे."

"मी? नाही, मला घाटकोपरला वाटायला जायचंय..."

"घाटकोपर खंय जातला नाय," मी म्हटलं. त्याच्याच मालवणी बोलीत, आणि बहुधा चुकीचं. तो गठ्ठा कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. कोरडी जागा कुठेच नव्हती. शेवटी त्याने तो पेंढ्यावर ठेवला आणि पाटीखाली मान घातली. चार खेपांनंतर त्याने विचारलं, "हे लोक रोज हे करतात?" मी माझी पाटी उचलली. हा प्रश्न मलाही पत्रकाआधी पडला नव्हता.

चार वाजता खाडीकडून गार वारा सुटला आणि पश्चिमेला काळं भरून आलं. अकरावी रास वर गेली तेव्हा सुना शाकारणीला लागल्या होत्या. खाली वाफ्याच्या कडेला, जिथे रास होती तिथे, मिठाचा एक पातळ पांढरा गोल उरला होता. तो राहिला तर काय बिघडणार होतं? बाई खराटा घेऊन उतरली आणि तोही झाडून पाटीत भरायला लागली.